गणपाच्या हाका

"हात वर कर. लोकांना दिसू देत," डॉक्टर म्हणाला.

सांगलीतली सभा. पुढं खुर्च्यांवर वकील, व्यापारी, त्यांच्या बायका. मी व्यासपीठावर उभा. वय वीस. ब्रह्मदेशच्या लढाईतनं परतलेला. थरथरणारे हात खिशात कोंबलेले.

परतल्यापासनं झोप नव्हती. ताटली पडली तरी मी भिंतीला चिकटायचो. गावात म्हणाले, बाहेरचं लागलंय. देवऋषी झाला, उतारा झाला. मग कळलं, सांगलीत एक डॉक्टर तरुण पोरांच्या मनाच्या दुखण्यावर फुकट इलाज करतो. एकट्यानं मोटारीत बसायची माझी छाती नव्हती. शेजारचे तात्या सोबत आले. तात्या म्हणजे गणपाचा बाप. गणपा आणि मी एकाच दिवशी भरती झालो होतो. तो परतला नाही.

तात्यांना बाहेर बसवून डॉक्टरनं खोलीचं दार लावलं. म्हणाला, "इथलं बोलणं या भिंतींबाहेर जाणार नाही." इतक्या मायेनं मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. गणपाच्या पोटात गोळी लागली. तो उघड्यावर पडला, मी खड्ड्यात. मधे गोळ्यांचा मारा. दिवसभर तो पाणी मागत होता. माझ्या नावानं हाका मारत होता. जाता आलं नाही. दिवस कलला, तशा हाका थांबल्या.

तात्यांना मी सांगितलं होतं, जागीच गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. त्या एका वाक्यावर तात्या आणि गणपाची आई, काकू, तगून होते. हेही मी डॉक्टरला सांगितलं. लय रडलो. मग झोप लागायला लागली. मी दर आठवड्याला जायला लागलो.

एकदा डॉक्टरनं सभेला बोलावलं. तुझ्यासारख्या पोरांसाठी मोठा दवाखाना काढायचाय, नुसता येऊन बस म्हणाला. तात्याही आले. मागं दाराशी सतरंजीवर बसले.

अन त्यानं मला वर उभं करून बोलायला सुरुवात केली. खेड्यातल्या अडाणी पोरांची मनं कशी दुबळी असतात. मग गणपा. नावासकट. पाणी, हाका, सगळं. बापाला मी काय खोटं सांगितलं, तेही. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळ्यांना पदर लावला. डॉक्टर थांबला, घोटभर पाणी प्यायला आणि मला म्हणाला, हात वर कर.

मी मागं बघितलं. तात्या उठून उभे राहिले होते.

"न्हाई," मी म्हणालो. "भिंतीबाहेर जाणार न्हाई म्हणला हुता तुमी."

"अरे, तुमच्याच भल्यासाठी चाललंय. फुकट उपचार घेतोस ना?"

"फुकट दिलं म्हून गणपा तुमचा झाला व्हय?"

मी खाली उतरलो. सगळे बघत होते. तात्या बाहेर लिंबाखाली उभे होते.

"दीसभर मागत हुता?"

"व्हय, तात्या."

ते वळून मोटारीकडं चालायला लागले. मोटारीत माझ्यापासनं लांब बसले. काकूनं मला परत कधी दारात उभं केलं नाही.

डॉक्टरचा निरोप आला, उपचार अर्धवट सोडू नकोस. मी गेलो नाही. झोप परत उडाली ती उडालीच.

इलाज खोटा नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. आमच्या पोरांना तो मिळायलाच पाहिजे. फुकट मिळायला पाहिजे, अन तो हक्क म्हणून. पण उपकार म्हणून कुणी देत असेल, तर त्याच्यापुढं मी माझं दुखणं सांगायला तोंड उघडणार नाही. आणि कुणाही पोराचं दुखणं त्याला न विचारता कुणी चव्हाट्यावर मांडायला लागला, तर तो कितीही शिकलेला असो, त्याला मी पुरं बोलू देणार नाही.