हनुवटीवरची ठिणगी

“तो कारागीर पक्का नाटकी होता. एकदा म्हणायचा हनुवटी बधिर आहे, एकदा म्हणायचा आग होते. डॉक्टर बिचारे भले. आमच्या साहेबांनी त्या मदतनीस बाईला ठाण्यात बसवून दमात घेतलं, तेव्हा कुठं तो कागद निघाला.”

निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांच्या स्नेहमेळाव्यात माझ्याच एका जुन्या सहकाऱ्याने भाषणात हे सांगितले आणि लोक हसले. जेवणाच्या पंगतीत भांडण नको म्हणून मी गप्प बसलो. गप्प राहणे माझ्या स्वभावात नाही, म्हणून लिहितो. त्या प्रकरणाची चौकशी मी केली; भाषणातले ‘साहेब’ ते मीच. भाषण करणारे गृहस्थ तेव्हा बंदोबस्तावर होते. माझ्या मनातून ते प्रकरण एक दिवसही पुसले गेलेले नाही.

तक्रारदार गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोन्याचे साज घडवणारा साठीचा कारागीर. ठाण्यात आला तेव्हा उजवा गाल तुळतुळीत आणि डाव्या गालावर दाढी वाढलेली. ठाणे अंमलदाराने त्याला डिवचले, “काय पावणं, न्हाव्यानं अर्ध्यातच हाकललं व्हय?”

“वस्तरा टेकत न्हाय सायेब. टेकला की जीव जातोय.”

डाव्या बाजूच्या खालच्या दाढेची रूट कॅनाल केल्यापासून सात महिने त्याचा ओठ आणि हनुवटी बधिर होती आणि त्याच जागी रात्रंदिवस आग होत होती. दातांच्या डॉक्टरांनी आधी ‘भूल उतरायला वेळ लागतो’ म्हणून आणि नंतर ‘मनाचे दुखणे आहे’ म्हणून त्याला परत पाठवले. त्याने ग्राहक आयोगात दावा लावला होता आणि आमच्याकडेही अर्ज दिला होता. डॉक्टरवर थेट गुन्हा दाखल करता येत नाही. आधी शासकीय तज्ज्ञ समितीचा अभिप्राय घ्यावा लागतो. कागदपत्रे जमवणे माझे काम होते.

डॉक्टरांचा जबाब मुद्देसूद होता. बधिर जागेला वेदना कशी होईल? दोहोंपैकी एक विधान खोटेच असणार. खरे सांगतो, मला ते पटले. कारागिराचे सोंग उघडे पाडायचे, या हेतूनेच मी न कळवता त्याच्या दुकानात गेलो.

तो एका बारीक सोन्याच्या पानाला डाख देऊन सांधा जोडत होता. फुंकणी ओठांत धरायची, श्वास न तोडता फुंकत राहायचे आणि दिव्याची ज्योत सुईसारखी करून जोडाच्या जागी वळवायची, असे ते काम. त्याची ज्योत थरथरत होती. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, तिचा त्याला पत्ता नव्हता. इतक्यात जोडाला लावलेल्या टाकणखाराचा तापलेला कण उडाला आणि त्याच्या हनुवटीवर बसला. कातडी पोळल्याचा वास मला आला. त्याची पापणीही हलली नाही. तो फुंकतच राहिला.

शेजारच्या कारागिराने माझ्याकडे पाहून पंख्याचे बटण दाबले. “सायबास्नी घाम आलाय.”

वाऱ्याची झुळूक त्याच हनुवटीवर गेली मात्र, तो किंचाळला. फुंकणी हातातून पडली. “वारं नगो! बंद करा त्यो!”

निखारा जिला कळत नव्हता, त्याच बोटभर कातडीला वाऱ्याची झुळूक सोसत नव्हती. नोकरीत मी शेकडो सोंगे पाहिली आहेत. सोंग घेणाऱ्याचे सगळे लक्ष सोंगाकडे असते. आपली हनुवटी जळते आहे, हे न कळण्याचे सोंग कोणाला घेता येत नाही.

थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले, फुंकणी उचलून ओठांच्या उजव्या कोपऱ्यात धरली आणि तो जोड पुरा केला. हात हलला नाही. मग म्हणाला, “दुखतंय त्ये सोसीन सायेब. पर ही फुंकणी सुटली तर म्या कोण?”

आता डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या त्या मदतनीस बाईंविषयी. स्त्री साक्षीदाराला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, हे भाषण करणाऱ्यांनी तरी विसरायला नको होते. मी महिला पोलिसाला घेऊन गडमुडशिंगी गावात त्यांच्या घरी गेलो. त्यांनी आधी चहा टाकला.

“रुग्णाला दुसरीकडे पाठवायचे तर डॉक्टर चिठ्ठी कशी लिहितात, बाई?”

“पॅडात. खाली कार्बन घालून. वरची पेशंटला, खालची मी फायलीला लावतो.”

“या कारागिराची चिठ्ठी लिहिली होती?”

त्यांनी कप खाली ठेवला. “लिवली हुती. वरची डॉक्टरांनी फाडली. मला म्हणाले, ह्यो विषय संपला. खालचीचं काय बोलले न्हाईत. मग सवयीनं लावली.”

“डॉक्टरांनी आम्हाला दिलेल्या कागदांत ती नाही.”

“तिथं कशी असंल? चिठ्ठ्यांची फाईल येगळी हाय की. डॉक्टर तिकडं बघत बी न्हाईत.”

“इतके दिवस सांगितलं का नाही?”

“कुणी इचारलं? वकील आले, त्यांनी म्या काय बघितलं त्ये इचारलं. काय लावलं, त्ये तुमीच इचारलासा.”

एवढाच तो ‘दम’. दुसऱ्या दिवशी दोन पंचांसमक्ष पंचनामा करून मी ती कार्बन प्रत जप्त केली. पुढे समितीने लिहिले की दुखावलेली नस स्पर्श हरवते आणि स्वतः वेदनाही निर्माण करते. दोन्ही एकाच जागी असू शकतात. आयोगाने निकाल कारागिराच्या बाजूने दिला. डॉक्टर माझ्यासमोर खाली मान घालून म्हणाले, “दवाखाना नवीन होता. भीती वाटली. आपोआप बरं होईल असं वाटलं.”

दोन विधाने आपल्याला जुळवता आली नाहीत, म्हणून सांगणारा खोटा ठरत नाही, हे मला त्या कारागिराने शिकवले. तरीही कोणाला तो नाटकीच वाटत असेल, तर त्याने ती कार्बन प्रत वाचावी. शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाला उद्देशून डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे: दाढेत भरलेले द्रव्य नसेच्या मार्गात उतरले आहे, उद्यापर्यंत काढले नाही तर बधिरता आणि तीव्र वेदना कायमच्या राहतील, रुग्ण अजून खुर्चीतच आहे, भूल उतरलेली नाही, आणि त्याला अद्याप काहीही दुखत नाही.