मासेवाल्या दादांचा एकट्याचा कायदा

आमच्या मासेवाल्या दादांइतका मनापासून भिणारा माणूस चामोर्शी तालुक्यात दुसरा झाला नाही. मिसरूड फुटायच्या वयात मामाचं बोट धरून ते बांगलादेशातून इथल्या बंगाली वस्तीत आले, तलावावर मासे धरता धरता म्हातारे झाले. पण नागरिक काही झाले नाहीत. पोस्टमनची सायकल दिसली तरी घामाघूम व्हायचे. मतदार यादीत मागल्या दारानं नाव घालून द्यायला माणसं तयार होती, पण दादा कानावर हात ठेवायचे. "नको बाई, चोरून घुसला म्हंतीन!" एकदा वनखात्याची जीप गावात शिरली, तर हे गळ्याइतक्या पाण्यात बेशरमाच्या झुडपाआड उभे. तलावाकडे वाघ फिरतोय, एवढंच सांगायला गार्ड आला होता. ते कळल्यावर दादा निथळत बाहेर आले आणि हायसं वाटून म्हणाले, "वाघ व्हय? मले वाटलं मलेच न्यायले आले."

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची, म्हणून त्यांच्या लेखी सरकारची सगळी अक्कल माझ्याकडे. एका निवडणुकीत बाजारात आलेला उमेदवार त्यांचा रोहू हातात तोलत म्हणाला, "दादा, तुमच्या एकट्यासाठी संसदेत खासगी विधेयक आणतो." तो हसण्यावारी बोलला, दादांनी ते काळजावर कोरून घेतलं. मंत्री नसलेल्या खासदाराला असं विधेयक मांडता येतं आणि त्यासाठी शुक्रवारची दुपार असते, हे मीच बोलून गेले. झालं! अधिवेशन सुरू असलं की दर शुक्रवारी दादा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आमच्या टीव्हीसमोर हजर. खुर्चीवर बसायचे नाहीत. नाव पुकारलं तर चटकन उभं राहता यावं म्हणून उकिडवे. सभागृहात गोंधळ झाला की मला विचारायचे, "बाई, हे माह्यावरून तर नाई भांडून राह्यले?" कामकाज तहकूब झालं की न जेवता घरी जायचे.

शेवटी कायदा झाला तो त्यांच्या एकट्यासाठी नव्हता. त्यांच्यासारख्या सगळ्यांकडूनच अर्ज मागवले. अर्ज मी भरून दिला. मग कित्येक महिने दादांची झोप उडाली. वजनकाट्यावर मासा ठेवायचे आणि गिऱ्हाइकालाच विचारायचे, "नाई म्हनले तर कुठी धाडतीन मले?" गिऱ्हाईक बिचारं मासा न घेताच धीर देत बसायचं.

बोलावणं आलं तेव्हा मी त्यांच्यासोबत गडचिरोलीच्या कचेरीत गेले. साहेब सौम्य होता. दादांनी शपथ घेतली. भारताशी निष्ठा ठेवीन, हे इतकं खणखणीत म्हणाले की शेजारचा कारकून दचकला. पुढची ओळ जुन्या देशाचं नागरिकत्व सोडण्याची होती. तिथे ते अडखळले. साहेबानं पाणी दिलं. ते पिऊन दादांनी ती ओळ हळू आवाजात पुरी केली आणि सही केली. बाहेर येऊन मी म्हटलं, "झालं दादा! आता कोणाच्या बापाला भ्यायचं नाही."

त्यांनी मान हलवली. बसमध्ये मी त्यांना खिडकी दिली. दोन्ही बाजूंना धानाची बांधी हिरवीगार होती. बांधीतल्या पाण्याकडे बघत दादा म्हणाले, "बाई, आमच्या घरामागं नदी होती. बाबानं तिथंच पोहायले शिकवलं मले. पोटाखाली हात धरे, अन् मी बोंबलत राहो, सोडू नको, सोडू नको म्हनून."

"मग?"

"मंग त्यानं सोडला हात. मले कळलंच नाई कवा सोडला. मी पोहून राह्यलो होतो."

चामोर्शी आलं. कंडक्टरनं दोनदा हाक दिली. माणसं उतरू लागली, पण दादा बाहेर बघत बसून राहिले. मी त्यांच्या खांद्याला हात लावला.

"दादा, आपलं गाव आलं."

"हो," ते म्हणाले, आणि सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसून उठले.