सोमवारचे निळे डाग

रिक्षाचं हूड कुठं फाटणार हे फाटायच्या आधी ओळखणारा सोलापुरात एकच माणूस आहे आणि तो म्हणजे आपण, असं बिरुदेवचं ठाम मत आहे. एस.टी. स्टँडच्या मागच्या बोळात, लिंबाच्या झाडाला टेकवलेल्या पत्र्याखाली त्याचं शिलाई मशीन असतं. रिक्षा समोर येऊन लागली तरी तो आधी बोलत नाही. हुडावरून तळहात फिरवतो, शिवणीवर अंगठा दाबतो आणि मग रिक्षावाल्याला सांगतो की तू दाखवतोयस तिथं काही नाही, दुखणं मागच्या कोपऱ्यात आहे. तेच खरं निघतं. सांगोल्याकडच्या माळावरून सतराव्या वर्षी एका घोंगडीनिशी आलेल्या धनगराच्या पोराला हे कुणी शिकवलं नाही. जुन्या सीटा उसवून उसवून तो आपला आपण शिकला. म्हणून मान ताठ आणि राग नाकावर. कामाला नाव ठेवणाऱ्याला तो अर्धी शिवलेली सीट तशीच परत देतो. वर सांगतो की आता जा त्या शहाण्याकडं, ज्यानं तुला अक्कल दिली.

हा माणूस नरम पडतो तो फक्त ऋतुजापुढं. ऋतुजा त्याची एकुलती एक लेक, चार वर्षांची. बायको मायाक्का टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते, सकाळी आठला तिला मशीनवर बसावं लागतं. त्यामुळं रोजची अंघोळ म्हणजे दिवसही नीट उजाडलेला नसताना दोन तांबे ओतले की झालं. सोमवारी मात्र बिरुदेवचं दुकान बंद असतं आणि सोमवारची अंघोळ बापाकडं. ती अंघोळ म्हणजे सोहळा. आधी तेल, मग कढत पाणी, मग साबणाचा फेस पोरीच्या डोक्यावर थापून त्याची दोन शिंगं काढायची आणि तिला आरशात दाखवायची. मधले तीन सोमवार हा सोहळा चुकला होता. रिक्षांचं आरटीओचं पासिंग जवळ आलं की सगळ्यांना एकदम नवी हुडं आठवतात, आणि बिरुदेवला दुकान उघडावं लागलं होतं.

चौथ्या सोमवारी शिंगं काढून झाली, पोर आरशाकडं धावली, आणि बापाला तिच्या मांड्यांची मागची बाजू दिसली. डाव्या मांडीवर एक, उजवीवर दोन, कमरेखाली एक. लिंबाएवढे, गोल. दोन काळेनिळे, ताजे. दोन जुने, पिवळट पडत चाललेले. त्यानं अंगठा ठेवला तर पोर रडली नाही, पण तिनं अंग चोरलं.

“कुणी मारलं गं?”

“कुणी न्हाय.”

“पडलीस?”

“व्हय.”

“कुटं?”

ऋतुजानं जरा विचार केला आणि न्हाणीत असं सांगितलं. थोड्या वेळानं विचारलं तर शाळेत. तिसऱ्यांदा विचारलं तर जिन्यावर. त्या घराला जिनाच नव्हता. चौथ्यांदा विचारल्यावर तिनं दोन्ही हातांनी तोंड गच्च झाकून घेतलं. पडलेलं लेकरू रडतं, कुठं पडलो ते दहा जणांना दाखवत फिरतं. हे लेकरू काहीतरी लपवत होतं.

उंबऱ्याशी बिरुदेवचा बाप येडू बसला होता. गुडघे साथ देईनात, मेंढरांमागं चालवेना, म्हणून तीन महिन्यांपूर्वी बिरुदेवनं त्याला शहरात आणलं होतं. येताना म्हाताऱ्यानं दोनच गोष्टी आणल्या: हातातली काठी आणि काखेत आई मेलेलं एक कोकरू. घरमालकानं चार दिवसांत कुरकुर सुरू केली, तेव्हा बिरुदेवनं बापाला बजावलं की हे गावी धाड, न्हायतर मी इकून टाकतो. दुसऱ्या दिवशी कोकरू दिसलं नाही आणि विषय मिटला.

“आबा, हे बघितलंस का?” बिरुदेवनं डाग दाखवले.

येडूनं बघितलं, न बघितल्यासारखं केलं. “पोरं हायती. पडत्यात,” एवढं बोलून तो काठी टेकत बाहेर गेला.

बिरुदेवनं त्या दिवशी पोरीला बालवाडीला धाडलं नाही. संध्याकाळी मायाक्का आली, तिनं ते डाग पाहिले आणि भिंतीला टेकून खालीच बसली. रोज आपण हिला पाणी घालतो आणि आपल्याला दिसलं नाही, हे तिला आधी लागलं. मग तिला तिच्या शेजारच्या मशीनवरची बाई आठवली. त्या बाईच्या भाच्याला असेच डाग आले होते, ते रक्ताचं दुखणं निघालं, आणि मग मुंबईच्या खेपा सुरू झाल्या. तशीच ती उठली, हातपाय न धुता, आणि तिघं डॉक्टरकडं गेले.

राजशेखर डॉक्टरांनी पोरीच्या हिरड्या बघितल्या, काखेत आणि गळ्याला चाचपलं, पोट दाबलं, ताप येतो का, नाकातून रक्त येतं का ते विचारलं. रक्त तपासायला लिहून दिलं, रिपोर्ट उद्या संध्याकाळी मिळेल म्हणाले. मायाक्का पोरीला घेऊन रक्त द्यायला आत गेली तेव्हा त्यांनी बिरुदेवला थांबवलं.

“घरात हिला कुणी मारतं का?”

बिरुदेव ताडकन उठला. “बंगल्यातल्यांना बी इचारता व्हय हे? का आमी चाळीत ऱ्हातो म्हणून?”

“बंगल्यातल्यांना आधी विचारतो,” डॉक्टर शांतपणे म्हणाले. “बसा. पडलेल्या पोराला गुडघ्याला लागतं, नडगीला लागतं, कपाळाला लागतं. मांडीच्या मागं नाही लागत. मला विचारावंच लागतं. तुम्हाला राग आला तरी.”

बिरुदेव बसला. गरिबाकडं पहिलं बोट दाखवणाऱ्या पुष्कळांना त्यानं आजवर तोंडावर सुनावलं होतं. पण हा माणूस पोरीच्या बाजूनं बोलत होता. तो आपल्या हातांकडं बघत राहिला. लोकांच्या हुडातलं छुपं उसवणं या हातांना कळतं. आणि स्वतःच्या घरातलं?

रात्रभर त्यानं हिशोब एकच केला. पोर घरच्यांच्या नजरेआड असते ती फक्त बालवाडीत. म्हणजे जे काही आहे ते तिथंच. सकाळी दहाला तो ऋतुजाला कडेवर घेऊन बालवाडीच्या दारात उभा राहिला आणि महेश्वरी टीचरला जे तोंडात येईल ते बोलला. लेकरं सांभाळायची लायकी नसेल तर घरी बसा, हात उचलत असाल तर तो हात कुठं राहील ते बघतो, वर अर्ज करतो, मोर्चा आणतो. एवढं चाललेलं असतानाही टीचरच्या खुर्चीची सीट मधोमध उसवलीय आणि फोम बाहेर आलाय, हे त्याच्या डोळ्यांनी टिपलं. सवय, दुसरं काय.

महेश्वरी टीचर विणकरांच्या घरातली. घरात माग चालायचा, आई विड्या वळायची, मागाच्या आवाजात अभ्यास करून ही शिकली, पंधरा वर्षं झाली बालवाडी चालवतेय. ती दबणारी नव्हती. तिनं त्याला पुरतं बोलू दिलं. पोरांना मदतनीस बाईबरोबर अंगणात धाडलं. मग कपाटातून खाकी पुठ्ठ्याची वही काढली आणि मागचं पान उघडून त्याच्यापुढं धरलं.

“वाचा.”

बिरुदेवनं वाचलं. सोमवार: ऋतुजा, मांडीवर मागं दोन निळे डाग. विचारलं, सांगत नाही. पुढचा सोमवार: आणखी एक, ताजा. परत विचारलं, तोंड झाकून घेते. त्याखाली तिसरा सोमवार, आणि त्याखाली: घरी जाऊन यायचे. वडील रागीट.

“म्हंजी तुमचा वहीम माझ्यावर?”

“तुमच्यावरच होता,” टीचर म्हणाली. “काल ती आलीच नाही म्हणून मला झोप नाही. आज घरी येणारच होते. आता नाही राहिला वहीम. मारणारा बाप भांडायला येत नाही, पोरीला शाळेतून काढतो.” मग तिनं वहीवर बोट ठेवलं. “डाग सोमवारीच ताजे असतात, बिरुदेवभाऊ. रविवारी लेकरू कुणाजवळ असतं?”

रविवारी बिरुदेव दुकानात, मायाक्का जादा पाळीला. इतर दिवशी बालवाडी सुटली की ऋतुजा दुकानात बापाजवळ, रविवारी मात्र दिवसभर आबाजवळ.

बिरुदेवच्या पाठीतून कळ गेली. ती कळ जुनी होती. नऊ वर्षांचा असताना त्याला माळावर झोप लागली आणि लांडग्यानं मेंढी नेली. तेव्हा याच येडूनं याच काठीनं त्याला बडवलं होतं. पाठ चार दिवस जमिनीला टेकता आली नव्हती.

तो पोरीला तसाच उचलून घरी आला. घराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं की म्हातारबा रोज दुपारच्या आत पिशवीत शिळ्या भाकरीचे तुकडे घेऊन चनबसप्पाच्या गोठ्याकडं जातात. चनबसप्पा म्हणजे वस्तीच्या टोकाला म्हशी राखणारा गवळी. गोठ्याचं नाव निघताच ऋतुजानं बापाचा गळा आवळला.

“पप्पा, तितं नको जाऊ.”

“का?”

तिनं तोंड त्याच्या खांद्यात खुपसलं. जसजसा गोठा जवळ यायला लागला तसतशी ती रडायला लागली. आता आपण बापाला काय बोलणार, आणि बोलून झाल्यावर त्याला ठेवणार कुठं, हेच बिरुदेवच्या डोक्यात फिरत होतं.

गोठ्याच्या मागं कडब्याच्या गंजीला टेकून येडू बसला होता. काठी बाजूला आडवी पडलेली. आणि त्याच्या हातातला भाकरीचा तुकडा खात होतं ते कोकरू. तेच, फक्त आता चांगलं गुडघ्याच्या वर वाढलेलं, छाती रुंद, कपाळ दगडासारखं. लेकाला बघून येडूचा हात तसाच राहिला. बिरुदेव तोंड उघडणार तेवढ्यात ऋतुजा त्याच्या कडेवरून सरकली, डोळे पुसत धावली आणि ओरडली, “ठोंब्या!”

कोकरानं कान टवकारले. ऋतुजानं कोकराकडं पाठ केली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि वाट बघत उभी राहिली. ठोंब्या चार पावलं मागं सरला, मान खाली घातली आणि धावत येऊन त्यानं अशी ढुशी दिली की पोर थेट कडब्यात जाऊन पडली. पडल्या पडल्या ती खिदळायला लागली. उठली, झगा झटकला, परत वाकली.

बिरुदेव उभा होता तिथंच खाली बसला.

चौदा वर्षांत तो हे विसरला होता. मेंढरातल्या प्रत्येक पोराच्या मांडीवर हे गोल निळे डाग असायचे. त्याच्या स्वतःच्या अंगावर होते. आई तळावर दिवेलागणीला तेलात हळद कालवून लावायची आणि कुठल्या कोकरानं ढुशी दिली म्हणून हसत विचारायची. दुसऱ्या कुणाला हे न कळणं ठीक होतं. धनगराच्या पोराला बोट ठेवताच कळायला पाहिजे होतं.

चनबसप्पा शेणाची पाटी खाली ठेवून हे बघत होता. “एन री बिरुदेव,” त्यानं कानडीत हाक दिली, “मी रोज सांगतो म्हातारबाला, पोरीला मागनं गादी बांधा म्हणून.”

बिरुदेवनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. “आबा, सांगायचं न्हाय व्हय? काल तुज्या डोळ्यादेखत दाखवलं मी. रगात काढलं पोरीचं. माया काल जेवली न्हाय.”

“सांगितलं असतं तर इकलं असतंस,” येडू म्हणाला. “ऋतूला बी मीच म्हणलं, पप्पाला सांगू नगं.” तो खजील झाला होता. “रगात काढतील असं मला काय ठावं.”

“मला वाटलं…” बिरुदेव बोलायला लागला आणि त्याची नजर आडव्या पडलेल्या काठीवर गेली.

म्हाताऱ्यानं ती नजर पाहिली. उरलेला तुकडा त्यानं कोकराला देऊन टाकला, तळहात धोतराला पुसला.

“लांडग्याच्या येळंला मी तुला मारलं. दुसऱ्या दिशी तुजी पाठ बघितली. त्या दिसापास्नं ही काठी लेकरावर उचलली न्हाय मी. तुला ठावं नसंल. मला ठावं हाय.”

ऋतुजा आणखी दोनदा कडब्यात पडली. मग बिरुदेव उठला, बापाला हात देऊन उठवलं आणि काठी स्वतः उचलून त्याच्या हातात दिली.

संध्याकाळी रिपोर्ट आला. सगळं ठीक. मायाक्का दवाखान्याच्या पायरीवर बसून पोटभर रडली, मग कोकराचं ऐकून तशीच हसायला लागली, आणि घरी आल्यावर सासऱ्याशी दोन दिवस बोलायचं नाही असं तिनं ठरवलं. ते तिला एक दिवसच जमलं. डॉक्टर हसले नाहीत. पोटाला ढुशी लागू देऊ नका आणि कोकराला शिंगं फुटली की खेळ बंद, एवढं त्यांनी निक्षून सांगितलं.

बुधवारी बिरुदेवनं पहिलं गिऱ्हाईक ताटकळत ठेवलं. लाल रेक्झिन कापलं, आत दोन इंची फोम घातला, कडेला दुहेरी शिवण मारली, कमरेला आणि मांड्यांना पट्टे लावले. रिक्षाची सीटच ती, फक्त चार वर्षांच्या पोरीच्या मापाची. मग तो बालवाडीत गेला. माफी हा शब्द त्याच्या तोंडातून निघत नाही, आजवर निघालेला नाही. त्यानं टीचरची खुर्ची उचलली. टीचर कुठं नेताय म्हणाली, तर सीट उसवलीय एवढंच बोलला. दुपारी खुर्ची परत आली ती अशी की टीचर बसल्यावर चार बोटं उंच दिसायला लागली.

पुढच्या सोमवारी अंघोळीला फेसाची शिंगं निघाली. बिरुदेवनं मांड्या बघितल्या. साफ. मग पोर त्याच्याकडं वळली आणि तिच्या कपाळावर चांगलं टेंगूळ दिसलं.

“ह्ये काय?”

“आता मी बी मारती त्याला.”

या खेपेला बिरुदेवनं वेळ घालवला नाही. पोरीला कपडे घातले, बालवाडीत नेलं, आणि टीचर काही विचारायच्या आत म्हणाला, “वही काढा. लिवा, कपाळाला टेंगूळ. कोकराला बी आलंय.”

टीचरनं खरंच वही काढली आणि लिहिलं. बिरुदेव वाकून, उलटं का होईना, वाचत उभा होता. वरची ‘वडील रागीट’ ही ओळ तिनं खोडली नाही. त्यानंही खोडायला सांगितलं नाही.