आशेर या नावाचा अर्थ

आमच्या घरात हिब्रू जाणणारा मी एकटा, आणि ती मला कितपत येते हे जाणणाराही मी एकटाच. लहानपणी मुंबईला मामांकडे राहून मिशनच्या शाळेत तीन वर्षं ती शिकलो. अजूनही एक ओळ वाचायची म्हणजे घाण्याच्या बैलासारखा जागच्या जागी फिरत राहतो. पण ठाण्यात आम्हां बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांची, घरं मोजकी, त्यात पोथीचा अर्थ सांगणारे त्याहून मोजके. त्यामुळे मशिदीतून (आमच्या प्रार्थनेच्या जागेला आम्ही मशीदच म्हणतो) बाहेर पडताना लोक मला थांबवून काहीबाही विचारत, आणि मी कोर्टातल्या कारकुनाला न शोभेल इतक्या अधिकाराने उत्तरं देत असे.

माझा आवडता विषय एकच: आपला वंश कोणता? आमच्या मूळपुरुषाला बारा मुलगे, त्यांचे बारा वंश झाले. त्यांतले आपण कोणते हे कोणालाच सांगता येत नाही. नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, पोथ्या समुद्रात गेल्या, एवढंच वाडवडील सांगत आले. मी मात्र परस्पर ठरवून टाकलं होतं की आपण आशेराचे. का, तर त्या वंशाच्या मुलखात तेलाची रेलचेल होती असं शास्त्रात आहे, आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या तेली. शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून लोक आपल्याला शनवार तेली म्हणतात. बस, पुरावा एवढाच. एवढ्या पुराव्यावर कोणी कोर्टात दावा आणला असता, तर साहेबांपुढे नेण्याआधीच मी हसलो असतो.

शिवाय त्या नावाचा अर्थ मला फार गोड वाटे. मूळपुरुषाच्या नावडत्या बायकोने आपल्या दासीचा दुसरा मुलगा मांडीवर घेतला आणि म्हणाली, मी सुखी झाले, आता बायका मला सुखी म्हणतील. म्हणून तो आशेर. सुखी, भाग्याचा. मलिद्याच्या, म्हणजे गोड पोह्यांच्या प्रसादाच्या, दर पंगतीत मी हे सांगितलेलं असे. माझी बायको वाढत वाढत माझ्या पानाशी आली की विचारी, "झाला का आशेर? मग पोहे वाढते."

माझी थोरली मुलगी कल्याणला दिलेली. जावई रेल्वेत तारमास्तर, व्याही पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार. तिचे दोन मुलगे लागोपाठ गेले. पहिला तीन महिन्यांचा होऊन, दुसरा चाळीस दिवसांचा. दोघांची नावं सुभेदारांनी हौसेने ठेवली होती, जुन्या राजांची. तिसऱ्या खेपेला ती आमच्याकडे ठाण्याला आली आणि मुलगाच झाला. घरात कोणी मोठ्याने बोलेना. पेढे वाटायचं नावही कोणी काढेना.

आमच्यात मुलाची सुंता आठव्या दिवशी, आणि त्याच वेळी त्याचं नाव सगळ्यांसमोर पुकारतात. सहाव्या दिवशी सुभेदार कल्याणहून आले. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराला पडदा होता. आत माझी मुलगी, बाहेर आम्ही.

"मामंजी," ती आतून म्हणाली, "याचं नाव दगडू ठेवा. टाकाऊ नाव असलं की कोणी न्यायला येत नाही."

"तीस वर्षं पलटणीत काढली मी," सुभेदार म्हणाले. "सुंतेला एलियाहू नबीसाठी खुर्ची मांडतात, तिच्यापुढे माझ्या नातवाला दगडू म्हणून पुकारायचं? घरी हवं ते म्हण, पोरी. मशिदीत शास्त्रातलंच नाव हवं."

माझी वेळ आली आहे असं मला वाटलं. मी घसा साफ केला आणि आशेर सांगितला, नेहमीच्या सगळ्या विस्तारासकट.

पडद्यामागून ती म्हणाली, "म्हणजे बायका मला सुखी म्हणतील, हे त्याच्या नावातच घालायचं? बाबा, नजर लागायला आणखी काय लागतं?"

सुभेदारांना नाव आवडलं होतं. त्यांनी विचारलं, "पुढे काय झालं हो या वंशाचं?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण कोणी मला विचारावं आणि मी सांगू नये, असं तोवर कधी घडलं नव्हतं. मी म्हणालो, "उत्तरेकडच्या दहा वंशांना शत्रूच्या राजाने धरून नेलं. त्यांत हेही गेले. पुढे ठावठिकाणा लागला नाही."

आत बाळ रडू लागलं. माझ्या बायकोने हातातला तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "झालं तुमचं?"

आठव्या दिवशी सकाळी प्रार्थना चालवणारे आणि सुंता करणारे हज्जान पनवेलहून आले. पोहे भिजलेले, नारळ खवलेला, खुर्चीवर जरीचं वस्त्र घातलेलं. त्यांनी बाळाच्या छातीवर बोट दाबून उचललं. खाली हळदीसारखा पिवळा ठसा. डोळ्यांतही तोच रंग.

"पिवळेपणा गेल्याशिवाय हात लावणार नाही," ते म्हणाले. "आणि तोवर नावही नाही."

मलिदा केलेला होता, तो लोकांनी मान खाली घालून खाल्ला. त्या दिवशी अर्थ कोणी विचारला नाही. दृष्टबीष्ट मी मानत नाही, असं मी कोर्टात चारचौघांत सांगत असे. घरी येऊन मीठमोहऱ्या मीच घेतल्या आणि ओवाळू लागलो. तेही उलट्या बाजूने. बायकोने माझ्या हातातून काढून घेतल्या.

पुढचे दिवस आठवले की अजून माझं जेवण कमी होतं. बाळ दूध ओढेना. सकाळच्या कोवळ्या उन्हात त्याला परसात घेऊन बसायचं काम माझ्याकडे आलं, कारण तिथे बोलावं लागत नाही. शेजारच्या बायका येत, पाळण्यात डोकावत आणि मुलीला म्हणत, "काय गं तुझं नशीब, पुन्हा तेच का?" ती खाली बघे.

एका सकाळी ती परसात माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबा, ते आशेराचे लोक हरवले, म्हणजे मेले का?"

"नाही गं. हरवले म्हणजे कुठेतरी असतील."

"मला दोनदा हेच सांगितलं सगळ्यांनी. देवाघरी आहेत म्हणून."

मी पोराच्या पायावरचं ऊन नीट केलं, म्हणजे उगाच दुपटं हलवलं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "ते नाव ठेवणारी बाई, मूल तिचं नव्हतंच ना?"

"नाही. तिच्या दासीचं."

"मग जिनं जन्म दिला, ती काय म्हणाली?"

मी आठवून पाहिलं. इतक्या पंगतींत इतक्यांदा सांगितलं, पण हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि माझ्याही कधी मनात आलं नव्हतं. "शास्त्रात ती काहीच बोलत नाही," मी म्हणालो.

"मग ती शहाणी होती." तिने बाळाला माझ्याकडून घेतलं. "या बायका माझी कीव करतात, ती ऐकवत नाही. सुखी म्हणाल्या तर भीती वाटते. बाबा, पोर जगलं तर नाव तुमचंच ठेवा. पण अर्थ कोणाला सांगायचा नाही. त्याचे दुधाचे दात पडेपर्यंत नाही. जमेल तुम्हाला?"

जमेल म्हणालो. माझ्या बायकोने आतून एक उसासा टाकला, तो मला ऐकू यावा म्हणूनच.

पिवळेपणा हळूहळू उतरला. आधी पायांवरून, शेवटी डोळ्यांतून. हज्जान पुन्हा आले, बोट दाबून पाहिलं आणि या वेळी मान हलवली. नाव पुकारलं. पंगत बसली. पुरुषांच्या ओळीतून कोणीतरी मोठ्याने विचारलं, "आशेर म्हणजे काय हो? तुमचा तर हातखंडा विषय."

बायका बसल्या होत्या त्या बाजूने माझी मुलगी माझ्याकडे बघत होती. मी घास घेतला, सावकाश चावला आणि म्हणालो, "खरं सांगू का, मला ठाऊक नाही."

मग एकजण हसून म्हणाला, "तरी मला वाटायचंच." पुढे ठाण्यात मला अर्थ विचारणारे बरेच कमी झाले. वंशाचा विषय मी पुन्हा काढला नाही. जुने श्रोते मात्र कधी कधी म्हणत, "अहो, आधी तर सांगायचात." मी म्हणे, विसरलो. पोराला ताप आला, पडसं झालं, की कोणापुढे चुकून काही बोललो होतो का, हे मी दिवस दिवस आठवत बसे.

गेल्या आठवड्यात कल्याणहून जावई आले. मुलाचा पहिला दात पडला म्हणाले. मुलीचा निरोप होता: बाबांना म्हणावं, आता लिहायला हरकत नाही. पण मोठ्याने वाचू नये.

लिहून झालं आहे. ज्यांच्या हाती हे पडेल त्यांनीही मनातल्या मनातच वाचावं, एवढी विनंती. त्याचे बाकीचे दात अजून पडायचे आहेत.