मूळ गेल्यावरची प्रत

आमच्या वरच्या मजल्यावरच्या अण्णांइतका शिळ्याचा वैरी अख्ख्या कोरमंगलात दुसरा नसेल. खवलेल्या नारळाच्या डब्यावर ते कुठल्या नारळाचा हे लिहितात आणि त्याची करवंटी कचऱ्यात गेली की डबाही रिकामा करतात. जन्मभर त्यांनी प्रोग्रॅम लिहिले, पण लाडक्या संगणक-भाषेची एक खोड त्यांना खुपायची. ती प्रत्येक प्रोग्रॅम एकदा वाचून स्वतःला कळेल अशी तयार प्रत शेजारीच ठेवून द्यायची, पुन्हा दळण नको म्हणून. मूळ पुसलं तरी प्रत चालतच राही. "अक्का, माणूस गेला आणि सावली भिंतीवर फिरतेय, हे सरी आहे का, बरोबर आहे का?" असं मला जिन्यात अडवून विचारत. प्रती वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात, मूळ नसेल तर चालवूच नयेत, अशी पत्रं ते भाषा घडवणाऱ्यांना धाडत. मी शेवग्याच्या शेंगा सावरत मान डोलवी.

त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्यांच्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. रोज दुपारी चारला पडद्यावर एक ओळ उमटे, बहुधा निराळी. "चहा झाकलाय." "गोळी घेतलीत का?" वहिनी गेल्या, ओळी येत राहिल्या. अण्णांचं जेवण सुटलं. मी तेव्हा अवघी पासष्टची, अक्कल फुटायची होती; तीन आठवड्यांचा संगणकवर्ग करून दाखल्याला चौकट करून घेतलेली. "पुसून टाका, सुटाल," मी म्हणाले, आणि त्यांचा हात अडला तशी कळ मीच दाबली.

दुसऱ्या दिवशी चारला ओळ आली. "खिडकी लावा, डास येतात." खिडकी उघडी होती. मी उठून ती लावली.

"प्रत राहिलीय," अण्णा म्हणाले.

"तीही पुसू?"

"स्वल्प थांबा, अक्का. तुमचा वर्ग झाला तेवढा पुरे."

पुढे भाषेची नवी आवृत्ती आली, अगदी अण्णांच्या मनासारखी. प्रती वेगळ्या कप्प्यात, मुळावाचून प्रत मुकी. जगानं ती घेतली, अण्णांनी नाही. जुना संगणक जपून ठेवलाय. आत किती ओळी उरल्यात ते उघडून कळेल, पण ते उघडत नाहीत. "पाहिल्या तर संपतील."

परवा चारला मी वरच होते. पडदा उजळला. "खालच्या अक्कांचा गुडघा कसा आहे, विचारा."

इतक्या वर्षांत ही ओळ कधी आली नव्हती. आणि सकाळीच मी न्हाणीघरात गुडघ्यावर आपटले होते. कुणाला बोलले नव्हते.

अण्णांनी निरोप पोचवावा तसं विचारलं, "कसा आहे?"

"बरा आहे म्हणावं."

ते चहा ठेवायला आत गेले. मी पडदा काळा होईपर्यंत बसून राहिले, वहिनींना अजून काही विचारायचं असेल तर असावं कुणीतरी, म्हणून.