दोन कमी

मी आयुष्यात बर्फ पाहिला तो मासळीबाजारातल्या पेट्यांमधला. तरीही कुवेतमध्ये, अर्दियाच्या एका सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये, मी बर्फावरून घसरायच्या स्की बनवल्या आहेत. हे फुशारकी म्हणून सांगत नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. आमच्या कफीलचा, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा होता त्या मालकाचा, मेहुणा तांत्रिक शाळेत शिकवायचा, म्हणून आम्ही त्याला उस्ताद म्हणायचो. परदेशात शिकताना त्याला स्कीचं वेड लागलं होतं. हिवाळ्याच्या सुट्टीत तो मुलीला पहिल्यांदाच लेबनॉनच्या डोंगरात बर्फावर नेणार होता, आणि तिच्या पायांत दुकानातली नव्हे, हाताने बनवलेली स्की असावी अशी त्याची हौस. आराखडा त्याने दिला. बुडाशी लावायचं प्लास्टिक आणि पोलादी कडाही त्यानेच बाहेरून आणल्या. बाकी सगळं माझ्या गळ्यात पडलं. माझा पासपोर्ट कफीलच्या कपाटात होता, त्यामुळे जमणार नाही असं म्हणण्याची सोय नव्हती.

स्की करण्याआधी स्की करायची हत्यारं करावी लागली. त्यातलं मोठं म्हणजे प्रेस. वर-खाली दोन लोखंडी गर्डर, खालच्यावर बाक दिलेला लाकडी साचा, साच्यावर रेझिनमध्ये भिजवलेलं काचेचं कापड आणि लाकडी गाभा, आणि वरच्या गर्डरखाली आगीच्या बंबाचा कापडी पाइप. पाइपची दोन्ही तोंडं लोखंडी पट्ट्यांत आवळायची आणि रंगकामाच्या कॉम्प्रेसरने त्यात हवा भरायची. पाइप फुगला की स्की साच्यावर दाबली जाते. ऐकायला सोपं आहे. पहिल्या चाचणीत एका टोकाची पट्टी सटकली आणि तिचा नट माझ्या कानाजवळून जाऊन मागच्या पत्र्यात आरपार घुसला. त्यानंतर मी व्हॉल्व्ह लांब नळीवर घेतला आणि हवा भरताना प्लायवूडच्या थप्पीमागे उभा राहू लागलो. उस्ताद हसायचा. हसणाऱ्याचं काय जातं.

दुसरं हत्यार गाभा तासायचं. स्कीचा गाभा मधे जाड आणि टोकांकडे पातळ लागतो. त्यासाठी गाभ्याच्या दोन्ही अंगांना प्लायवूडचे दोन फर्मे उभे केले, त्यांच्यावरून राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं यंत्र, सरकवायचा. फर्म्याला जिथे जेवढी उंची, तिथे लाकूड तेवढं जाड राहतं. आराखड्यात मधली जाडी चौदा मिलिमीटर होती.

माझ्या हाताखाली एक सुतार होता, माझ्याच तालुक्यातला, चार महिन्यांपूर्वी आलेला. अब्बासियातल्या खोलीतला माझा सोबतीही तोच. हात सोन्याचा, बोलणं कमी. माझ्या शब्दाबाहेर जायचा नाही, आणि पुढे तेच नडलं.

गाभा तासायच्या दिवशी सकाळी उस्ताद आला आणि म्हणाला की पोरगी हलकी आहे, मधली जाडी दोन मिलिमीटर कमी करा. मला त्याच वेळी कंपनीच्या गाडीतून साल्मियाला दोन दिवसांच्या मुक्कामाने स्वयंपाकघराची कपाटं बसवायला जायचं होतं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी गाडीत चढता चढता सोबत्याला ओरडून सांगितलं, "मधी दोन कमी कर." त्याने मान हलवली.

दोन दिवसांनी परत आलो तेव्हा त्याने गाभे तासून कापडासकट प्रेसमध्ये घातले होते. मी थप्पीमागून हवा भरली. या वेळी काही फुटलं नाही. चोवीस तासांनी स्की बाहेर काढल्या, कडा घासल्या, पॉलिश केल्या. इतकं सुंदर काम मी आधी केलं नव्हतं. उस्तादने एक स्की हातावर तोलली आणि म्हणाला, "झैन. खफीफ." म्हणजे छान, हलकी आहे. मी फुगलो. बुधवारी तो स्की गाडीत घालून घेऊन गेला. शनिवारी त्यांचं विमान होतं.

गुरुवारी मी पसारा आवरायला घेतला. कोपऱ्यात तासायचे फर्मे पडले होते. दोन्हींच्या मधल्या भागात नवीन काप दिसला, आणि एकाच्या बाजूला सोबत्याच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलं होतं: २ सूत कमी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे सूत. दोन सूत म्हणजे सहा मिलिमीटरच्याही वर. आणि आमच्याकडे गावातल्या सुतारशाळेत सूत हा शब्द कोणी उच्चारत नाही. दोन वाढव, तीन काढ, एवढंच म्हणतात. नुसता आकडा म्हटला की सूतच. मीही तसंच शिकलो होतो. पण कुवेतमध्ये आठ वर्षं मिलिमीटरमध्ये काम करून मी ते विसरलो होतो, आणि तो अजून विसरला नव्हता.

म्हणजे गाभा मधे चौदाचा बारा नव्हे, आठाच्याही खाली आला होता. आणि मधेच तर बुटाची पकड स्क्रूने बसवतात, सगळा भार तिथेच येतो. हलकी कशामुळे वाटली ते आता कळलं.

सोबत्याला फर्मा दाखवला. त्याने आधी फर्म्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू दोन म्हणालंस," तो म्हणाला. मग फर्मा उलटा करून ठेवत, "तेंका सांगू नको. माका परत धाडतले."

खोटं कशाला बोलू, मलाही तीच भीती होती. आधी स्वतःची, मग त्याची, आणि त्या मुलीची तिसऱ्या नंबरावर. कफीलला कळलं तर एका कागदावर शिक्का मारून दोघांना विमानात बसवतील. नाही सांगितलं तर कदाचित काहीच होणार नाही. कदाचित पोरगी पहिल्याच दिवशी कंटाळेल. जेवताना हे मी मनाशी घोळवत होतो. तरी डोळ्यांसमोर बर्फाच्या डोंगराचा उतार यायचा, जो मी कधी पाहिलाही नव्हता.

शुक्रवारी सकाळी खालच्या किराणा दुकानातून फोन केला. आराखड्याच्या कोपऱ्यात उस्तादने नंबर लिहून ठेवला होता. माझं अरबी दुकानापुरतं. तरी जेवढे शब्द येत होते तेवढ्यांत सांगितलं की स्की चांगली नाही, धोका आहे, नेऊ नका. तो म्हणाला, वर्कशॉपवर ये.

आम्ही दोघंही गेलो. उस्तादने दोन्ही स्की आणल्या होत्या. मी त्यातली एक लाकूड कापायच्या दोन घोड्यांवर आडवी ठेवली, चपला काढल्या आणि बरोबर मधे उभा राहिलो. स्की वाकली. मोडली मात्र नाही. मी सत्तर किलोचा माणूस, आणि ती मला पेलून उभी राहिली.

उस्तादचा चेहरा खुलला. काही मुश्किल नाही, म्हणाला, उगाच घाबरलास. तो स्की उचलायला पुढे आला. सोबत्याने सुटकेचा निःश्वास सोडलेला मला ऐकू आला, आणि खरं सांगतो, माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं. आता फक्त खाली उतरायचं होतं. मी सांगायचं ते सांगितलं होतं, मोडून दाखवायचा प्रयत्नही केला होता. आणखी काय करायला हवं होतं?

मी खाली उतरलो नाही. का, ते नीट सांगता येत नाही. मी उडी मारली. स्की करकरली. दुसऱ्या उडीला ती मधोमध मोडली आणि एक लांब कपची माझ्या पोटरीत घुसली.

उस्तादने मोडलेला तुकडा उचलून बोटांत धरला, गाभ्याची जाडी पाहिली आणि डोक्यावर हात ठेवला. मग विचारलं, हे कोणी केलं? सोबती पुढे सरकायच्या आत मी म्हटलं, "आना." मी. उस्तादने मोडकी आणि धड अशा दोन्ही स्की माझ्याकडे दिल्या, माझ्या पोटरीला बांधायला आपला रुमाल दिला आणि निघून गेला. मुलीसाठी त्याने तिकडे भाड्याच्या स्की घेतल्या हे नंतर समजलं. कफीलच्या कानावर त्याने काही घातलं नाही. पण ते कळायला मला दोन आठवडे लागले, आणि त्या दोन आठवड्यांत ऑफिसचं दार वाजलं की मी करवत खाली ठेवायचो.

त्या दिवशी परतताना बसमध्ये सोबती खिडकीकडे तोंड करून बसला होता. अब्बासियाचा थांबा जवळ आला तेव्हा त्याने मान न वळवता विचारलं, "दादा, आणि मोडली नसती तर?"

मी म्हटलं, तिसरी उडी मारली असती.

त्याला ते पटलं असावं, त्याने पुढे काही विचारलं नाही. मला स्वतःला ते आजपर्यंत पटलेलं नाही.