हिरवं स्टिकर

"तू आत येऊ नको. इज्जत घालवशील माझी."

"इज्जत? राजीनामा पर्समध्ये घेऊन फिरतीस अन् मला इज्जत सांगतीस?"

"झेबा, हळू! आत ऐकू जातंय."

"जाऊ दे ना. मला एकच विचारायचंय, ह्या तुझ्या सरांना तपासलं कुणी?"

उस्मानपुऱ्यातल्या त्या अरुंद जिन्यात मोनालीनं कपाळावर हात मारून घेतला. झेबा तिच्याच कारखान्यात, वाळूजला, गेजरूममध्ये होती. मोजमापाचं प्रत्येक हत्यार दर सहा महिन्यांनी झेबाच्या टेबलावर जायचं. पास झालं की हिरवं स्टिकर, नाहीतर थेट लाल कपाटात. माणसांकडंही ती तशीच बघायची.

"सर काय मायक्रोमीटर आहेत?" मोनाली फणकारली. "आयुष्य बदलतंय माझं."

"व्हय, दिसतंय की. अकरा वर्षांची नोकरी सोडायला निघालीस."

मोनालीचा बाप कडुबा त्याच वाळूजमध्ये गाड्या भरता भरता वाकला. लेक मात्र डिप्लोमा करून तपासणी खात्यात बसली. केसाएवढा फरक तिच्या बोटांना कळायचा. अख्खा लॉट परत पाठवताना तिचा हात कधी कापला नाही. कापायचा तो आवाज, मीटिंगमध्ये चार साहेबांसमोर. त्यापायी दोनदा सुपरवायझरची जागा गेली. मग मोबाईलवर इंद्रजीत सर दिसले. मास्टर कोच! तीन महिने दर शनिवारी ती बजाजनगरहून इथं येत होती. आली होती बोलायला शिकायला. गेल्या शनिवारी सर म्हणाले, आधी नोकरी सोड. आज राजीनामा त्यांना दाखवायचा आणि दुपारच्या पाळीला साहेबांच्या हातात ठेवायचा.

झेबा आत आलीच. सरांनी राजीनामा टेबलावर पसरला, लाल पेनानं दोन शब्द खोडले, समासात सही ठोकली.

"अजून दमदार लिही. सिंहीण वाटली पाहिजे."

"सर," झेबा म्हणाली, "तुम्ही हे कुठं शिकलात?"

सर मनापासून हसले. मागच्या भिंतीवरच्या सोनेरी चौकटीकडं त्यांनी अंगठा केला. "वाचा की."

"मोना, तू वाच. ते काम तुझं."

मोनाली उठली. तीन महिने ती चौकट सरांच्या डोक्यामागं होती आणि तिला दिसलं होतं फक्त सोनं. आता सवयीनं नजर खाली उतरली. नंबर, तारीख, तपासणाऱ्याची सही. नंबर एक. तारीख मागच्या दिवाळीची. संस्था, खाली जिन्यापाशी पाटी होती तीच. पत्ता, ती उभी होती तोच. आणि सही? लांब शेपटीची, तिरपी. तिनं वळून टेबलावरच्या आपल्या राजीनाम्याकडं पाहिलं. समासात तीच शेपटी.

ती सरांकडं वळली.

"सर, तुमची परीक्षा... कुणी घेतली?"

"मीच! स्वतःपेक्षा कडक परीक्षक कुठं मिळतो?"

"अन् शिकताना? चुकलात तर सांगायला कुणी होतं?"

"अगं, चूक शोधणं ही फॅक्टरीची सवय. ती सोड." सर पुढं झुकले. "आज सांगणार नव्हतो, पण सांगतो. रविवारी बॅच आहे, नऊ ते बारा. बाराला तुझ्याही हातात हेच सर्टिफिकेट. सोमवारपासून तू कोच! नोकरी सोड म्हटलं ते काय उगीच?"

"या अल्ला," झेबा पुटपुटली अन् मागच्या खुर्चीत बसली.

मोनालीला डोळ्यासमोर दिसलं. सोमवार. समोर अशीच कुणी पोरगी, बजाजनगरची, आवाज कापणारी, पर्समध्ये राजीनामा. आणि टेबलाच्या ह्या बाजूला आपण, लाल पेन घेऊन. तपासणीची तारीख एक दिवस उलटलेलं गेज ती हातात धरत नसे. आणि इथं तिनं सगळं सांगितलं होतं. बापाचा वाकलेला पाठकणा, रात्रीचं रडणं, सगळं.

"घाबरलीस?" सर मऊ आवाजात म्हणाले. "हीच ती जुनी मोनाली. आता सांग, भिंतीवरच्या कागदावर विश्वास ठेवणार, की स्वतःवर?"

मोनालीनं लाल पेन बाजूला सारलं. राजीनामा उचलला. चार घड्या घातल्या, एकेका घडीवरून नख फिरवलं आणि कागद सरांच्या केराच्या टोपलीत टाकला.

"मोनाली? मी काही विचारलं."

झेबा अजून खुर्चीतच होती, तोंड उघडं. मोनालीच्या चपला जिन्यात वाजत होत्या.